रीमॅप आणि डाउनपाइपनंतर इंजिनचा पिवळा दिवा जात नाही. कोड बंद करून घ्यावा का?

तळजाई | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, नमस्कार. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागणं बरोबर नाही.

गाडी पोलो १.० टीएसआय, २०२१ ची, सहा गिअरची मॅन्युअल, ४२ हजार किलोमीटर. घेतल्यापासून एकदाही दिवा नाही, मिसिंग नाही, काही नाही. फेब्रुवारीत स्टेज १ रीमॅप करून घेतला, म्हणजे पार्ट तेच, फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली. कंपनीचे आकडे ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. रीमॅपनंतर कात्रजच्या चढावर चौथ्या गिअरमध्येच गाडी सुसाट निघायला लागली आणि मी खूश होतो. तिथेच थांबायला हवं होतं की काय ते तुम्ही सांगा. एप्रिलमध्ये कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नसलेला डाउनपाइप, म्हणजे टर्बोमागचा धुराचा पाइप, आणि तेल लावलेला कॉटनचा एअर फिल्टर बसवला. सॉफ्टवेअर तेच राहिलं.

आठ दिवसांत पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर दोषाचा कोड पी ०४२०. गॅरेजने पुसून दिला, पाच-सहा दिवसांनी परत. असं तीनदा झालं. मग गेल्या रविवारी खोपोलीकडून बोरघाट चढत होतो, बायको आणि मुलगी गाडीत. ट्रकच्या पुढे जायला पाय दाबला आणि गाडीतला जीवच गेला. ईपीसीचा (इंजिनच्या ताकदीच्या नियंत्रणाचा) दिवा, इंजिनचा दिवा, तीन हजारांच्या वर रेसच घेईना. मागून बस येत होती. कशीबशी डाव्या लेनला आणली. पाच मिनिटं बंद करून चालू केल्यावर गाडी नेहमीसारखी. घरी येऊन स्कॅन केलं तर पी ०४२० आणि सोबत नवा पी ०२९९.

गॅरेजवाले म्हणतात, "दोन्ही कोड सॉफ्टवेअरमधूनच बंद करून देतो, दिवा परत कधी लागणारच नाही." पैसे फार नाहीत. करून घ्यावं का? कुणी केलंय का?

चिकूशेठ | सोमवार, रात्री ९:२२

नका करू. बाकी जाणकार सांगतीलच.

आमच्या आईने तो दिवा पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं होतं, "ही किटली कशाला पेटली रे?" तेव्हापासून आमच्या घरी त्याचं नाव किटली.

रानवारा | सोमवार, रात्री ९:२५

किटली! आता मला दुसरं काही दिसणारच नाही. :-)

उद्यमनगरी | सोमवार, रात्री १०:४८

तळजाई भावा, मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो, टर्बो गाड्या रोज हाताखालून जातात. पहिलं म्हणजे दोन कोडांची एक मोळी बांधू नकोस. दोन्ही वेगळी दुखणी आहेत.

पी ०४२० म्हणजे कॅट काम करत नाही अशी तक्रार. कॅटच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, नंतर एक. इंजिन मिश्रण सतत थोडं श्रीमंत (पेट्रोल जास्त), थोडं गरीब (हवा जास्त) करत असतं. धडधाकट कॅट ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, म्हणून मागच्या सेन्सरची रेघ बऱ्यापैकी सरळ चालते. तू कॅटच काढलास. आता मागचा सेन्सर पुढच्यासारखाच वरखाली नाचणार. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, खरं तेच सांगतोय. तो कोड किती वेळा पुसलास तरी परत येणारच, कारण बिघाड तसाच आहे. पुसल्यावर पाच-सहा दिवस का लागतात? ती तपासणी ठरावीक वेगाला, ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळ गाडी चालली तरच होते, आणि बहुतेक कोडांना लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसला तरच दिवा पेटतो.

पी ०२९९ वेगळा. म्हणजे ईसीयूने टर्बोकडे जेवढा दाब मागितला तेवढा आला नाही. आता नीट विचार कर. कॅट काढल्यावर टर्बोच्या मागची अडचण कमी होते, टर्बो लवकर फिरतो, दाब वाढायची शक्यता असते. तुझ्या गाडीला खरं तर उलटा कोड, पी ०२३४, जादा दाबाचा यायला हवा होता. तरी दाब कमी पडतोय, म्हणजे हवा कुठून तरी निसटतेय. डाउनपाइप बसवताना कुठले पाइप सोडले होते ते विचार. टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतचा प्रत्येक जोड बघ. माझा अंदाज, एखादी होजची क्लिप तिरकी बसली आहे.

आणि हा कोड बंद केलास तर काय होईल ते सांगतो. हवा निसटतेय, ईसीयू दाब भरून काढायला वेस्टगेट (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) आणखी आवळणार, टर्बो आणखी जोरात फिरणार. एवढासा टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. त्याच्या वर नेलास तर चाक तुटतं नाहीतर बेअरिंग बसतं. बोरघाटात गाडी मेली असं तुला वाटलं, ती मेली नव्हती. तिने टर्बो वाचवला.

तळजाई | सोमवार, रात्री ११:०५

उद्यमनगरी, मनापासून आभार. एवढं मला तीन फेऱ्यांत कुणी सांगितलं नव्हतं. डाउनपाइपच्या वेळी टर्बोवरचा पाइप काढला होता हे नक्की, मी तिथेच उभा होतो.

दर्यावर्दी | मंगळवार, सकाळी ७:३०

वेगळं मत मांडतो. पी ०२९९ बद्दल उद्यमनगरींशी पूर्ण सहमत, तो शोधायलाच हवा. पण पी ०४२० बंद करण्यात एवढं काय? स्टेज २ म्हणजेच मोठा डाउनपाइप आणि त्याला जुळणारं सॉफ्टवेअर. त्यात मागच्या सेन्सरची तपासणी बंदच असते. मी दोन वर्षं रत्नागिरी-मुंबई अशी गाडी चालवतोय. इंजिनला त्याने काहीही होत नाही. तो दिवा तसाच पेटता ठेवणं जास्त धोक्याचं, कारण उद्या खरोखर मिसफायर झालं, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन जळलंच नाही, तर दिवा आधीच पेटलेला, कळणार कसं?

उद्यमनगरी | मंगळवार, सकाळी ८:१५

दर्यावर्दी, शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पेटलेल्या दिव्याची सवय झाली की माणूस पुढचा कोड बघतच नाही. म्हणूनच मी म्हणतो, कारण काढा. इंजिनला होत नाही हेही मान्य. पण कॅट इंजिनसाठी नसतोच.

शिरीषफूल | मंगळवार, सकाळी ९:४०

कॅट आमच्यासाठी असतो.

मी सिंहगड रस्त्याला तळमजल्यावर राहते. धाकट्याला दम्याचा त्रास आहे, खिडकी कधी उघडायची याचं आमच्याकडे वेळापत्रक आहे. कॅटमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमच्या थरावर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचं रूपांतर होतं. ते काढलं की हे सगळं तसंच बाहेर येतं. कॅट नसलेली गाडी सिग्नलला उभी असेल तर मला घरात बसून वास येतो. एका गाडीने काय होतं असं म्हणू नका. आमच्या कोपऱ्यावर एकाच वेळी एकच गाडी उभी असते.

दर्यावर्दी | मंगळवार, सकाळी १०:०२

शिरीषफूल, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. इंजिनापलीकडे मी विचार केला नव्हता. २०० सेलचा स्पोर्ट्स कॅट हा मधला मार्ग होऊ शकतो का, हे जाणकारांनी सांगावं.

मोकळा_श्वास | मंगळवार, सकाळी १०:३५

होऊ शकतो, पण दिव्याची खात्री नाही. कंपनीच्या कॅटमध्ये दर चौरस इंचाला साधारण ४०० ते ६०० कप्पे असतात, स्पोर्ट्स कॅटमध्ये २०० किंवा ३००. कप्पे कमी म्हणजे पृष्ठभाग कमी, ऑक्सिजन साठवण्याची ताकद कमी. त्यामुळे अनेक गाड्यांत पी ०४२० तरीही येतो. स्वस्तातल्या कॅटवर धातूचा थरही पातळ असतो, वर्षा-दीड वर्षात तो निरुपयोगी होतो. मग लोक मागच्या सेन्सरला स्पेसर लावतात. स्पेसर म्हणजे सेन्सर मूळ प्रवाहापासून दूर धरायचा, म्हणजे त्याला कमी कळेल. सेन्सरला आंधळं करून कॅट काम करतोय असं मानायचं, हे मला पटत नाही.

काळाकोट | मंगळवार, दुपारी १:२०

कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मोटार वाहन कायदा, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती आणि उत्पादकाने मूळ ठरवलेलं स्वरूप यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट निकाल दिला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रदूषणाच्या उल्लंघनासाठी कलम १९०(२) मध्ये १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं.

पोलीस डाउनपाइप बघायला गाडीखाली शिरत नाहीत हे मला माहीत आहे. अपघात झाल्यावर मात्र विमा कंपनीचा सर्व्हेअर शिरतो. बदल कळवला नसेल तर दाव्यावर वाद होतो. अशा प्रकरणात मी मालकाच्या बाजूने उभा राहिलो आहे आणि हरलोही आहे.

रानवारा | मंगळवार, दुपारी १:३१

अवांतर: माझ्या गाडीत किटली पेटली होती ती टर्बोमुळे नाही, उंदरामुळे. पावसाळ्यात इंजिनच्या उबेला येऊन बसला आणि ऑक्सिजन सेन्सरची वायर कुरतडली. मॉडिफिकेशन केलेलं असलं की सगळे त्याच्याच मागे लागतात. आधी बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा.

चिकूशेठ | मंगळवार, दुपारी १:४०

+१. आमच्याकडे शेंगदाण्याची टरफलं निघाली होती बॅटरीच्या खाली.

सॅनहोजेची_सई | मंगळवार, दुपारी २:०५

तुमच्या दुपारी माझी मध्यरात्र, पण विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितेच.

इथे कॅलिफोर्नियात गाडी काही वर्षं जुनी झाली की दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, असतो. माझी जर्मन टर्बो हॅचबॅक मी नवी असताना रीमॅप करून घेतली होती. कॅट जागेवर, दिवा कधीच लागला नाही, गाडी उत्तम चालायची. चाचणीची पाळी आली आणि गाडी नापास. कारण जुलै २०२१ पासून इथे चाचणीच्या वेळी ओबीडीच्या (गाडीच्या स्वतःच्या दोष-तपासणीच्या) सॉकेटमधून ईसीयूचं सॉफ्टवेअर कंपनीने मंजूर केलेलं आहे का तेही वाचतात. ट्यूनरच्या (रीमॅप करणाऱ्याच्या) फाइलला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असेल तर चालतं. माझ्या फाइलला नव्हता. सॉफ्टवेअर मूळ केलं, मग परत रांगेत.

तिथेही एक गंमत झाली. सॉफ्टवेअर बदललं की कोडांसकट ईसीयूच्या सगळ्या स्वयंचाचण्या पुसल्या जातात, आणि त्या बहुतेक पूर्ण झाल्याशिवाय स्मॉग चेकमध्ये गाडी पास होत नाही. म्हणजे सकाळी कोड पुसून दुपारी चाचणीला जाण्याचा मार्ग इथे बंद आहे. दहा दिवस ऑफिसला जाताना मुद्दाम लांबच्या हायवेने गेले, एका गतीने, तेव्हा कुठे त्या पूर्ण झाल्या.

हे ओबीडी प्रकरण सुरूच कॅलिफोर्नियातून झालं. १९८८ पासून इथे पहिली पिढी सक्तीची झाली आणि १९९६ पासून दुसरी पिढी साऱ्या अमेरिकेत. त्या दिव्याचा जन्मच धुरासाठी झाला आहे. इंजिनची काळजी घेणं हे त्याचं दुसरं काम.

काळाकोट | मंगळवार, दुपारी २:३०

फार उपयुक्त, सई. आपल्याकडे पीयूसी म्हणजे टेलपाइपमध्ये नळी घालून मोजणी. ईसीयूला कुणी विचारत नाही. पण ओबीडीच्या अटी इथेही कडक होत चालल्या आहेत, १ एप्रिल २०२३ पासून बीएस ६ चा दुसरा टप्पा लागू झालाच.

नवशिका_गियर | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

बाळबोध प्रश्न आहे, क्षमा असावी. दिवा स्थिर पेटणं आणि लुकलुकणं यात फरक असतो का? माझ्या गाडीत परवा अर्धा मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला. मीही रीमॅप केला आहे.

उद्यमनगरी | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

बाळबोध अजिबात नाही. या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

स्थिर पिवळा म्हणजे दोष नोंदला आहे, सावकाश चालव, एक-दोन दिवसांत स्कॅन कर. लुकलुकणारा म्हणजे आत्ता, या क्षणी मिसफायर होतोय. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे पेटतं, आणि कॅट आतून वितळू शकतो. लुकलुकला की पाय काढ, रेस कमी कर, थांबला नाही तर बाजूला घे. आणि लाल तेलाची कुपी पेटली तर एक मीटरही पुढे जायचं नाही. इंजिन बंद.

तुझ्या गाडीला पी ०३०० ते पी ०३०४ मधला कोड असणार. शेवटचा आकडा सिलिंडरचा. शून्य असेल तर मिसफायर एका सिलिंडरपुरता नाही. प्लग काढून बघ. दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं जड जातं. कंपनीच्या गॅपवर साध्या दाबाला चालणारा प्लग रीमॅपनंतर पूर्ण पाय दाबल्यावर विझतो. फीलर गेज घेऊन गॅप बघ, ट्यूनरने सांगितला असेल तेवढा ठेव. बरेच जण ०.७ मिलिमीटरच्या आसपास आणतात आणि एक पायरी थंड प्लग घालतात. गॅप ठोकून नाही, हळू हाताने. इरिडियमचं टोक मोडलं तर प्लग गेला. मिसफायर त्याच सिलिंडरला राहतो की कॉइलबरोबर (प्लगला वीज देणारी) सरकतो, तेही कॉइल अदलाबदल करून बघ.

नवशिका_गियर | मंगळवार, संध्याकाळी ७:३१

उद्याच करतो. धन्यवाद दादा.

मल्टिजेटवाला | मंगळवार, रात्री ८:४५

पेट्रोलवाले बोलून झाले असतील तर डिझेलची बाजू. १.३ मल्टिजेट, ज्याला लोक प्रेमाने देशाचं डिझेल इंजिन म्हणायचे. माझी ७५ पीएसवाली. तिला ट्यूनिंग बॉक्स लावला होता. सॉफ्टवेअरला हात नाही, नुसतं रेल प्रेशरच्या (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतल्या दाबाच्या) सेन्सरमध्ये जोडायचं, पाच मिनिटांचं काम. बॉक्स ईसीयूला दाब कमी आहे असं सांगतो, ईसीयू बिचारा दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, पिकअप वाढतो.

आठ महिने मजेत गेले. मग आंबोली घाटात धूर, झटके आणि कोड पी ००८८, रेलमध्ये दाब जास्त. बॉक्सच्या कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी गेलं होतं आणि सिग्नल वेडावाकडा जात होता. बॉक्स काढून फेकला, सेन्सर मूळ जागी लावला, दिवा दोन-तीन फेऱ्यांनी आपोआप गेला. इंजेक्टर मात्र एक गेला होता, त्याचा खर्च बॉक्सच्या दुप्पट.

सेन्सरला खोटं बोलायला लावणारी कुठलीही वस्तू मी आता गाडीला लावत नाही.

इथेनॉल_सांगली | मंगळवार, रात्री ९:३०

एक गोष्ट कुणी बोललंच नाही: पेट्रोल.

शुद्ध पेट्रोलला जळायला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भाग. त्यामुळे ई १० ला (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) सुमारे १४.१ आणि ई २० ला (२० टक्के) सुमारे १३.५. म्हणजे ई १० वर जुळवलेल्या गाडीत ई २० भरलं की ईसीयूला तेवढ्याच हवेला चारेक टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. मूळ गाडी हे फ्युएल ट्रिममध्ये, म्हणजे ईसीयू स्वतः करतो त्या इंधनाच्या दुरुस्तीत, सहज सामावून घेते. पण रीमॅप केलेल्या गाडीत ट्यूनरने फाइल ज्या पेट्रोलवर बनवली ते वेगळं, कॉटन फिल्टरमुळे हवेचं मोजमाप थोडं चुकलेलं, कुठे बारीक गळती, असं सगळं एकाच बाजूला साठलं की दीर्घकालीन ट्रिम वीस-पंचवीस टक्क्यांवर जाते आणि पी ०१७१, मिश्रण गरीब, हा कोड पेटतो. मग लोक इथेनॉलला शिव्या देतात. मी उसाच्या पट्ट्यातला आहे म्हणून इथेनॉलची बाजू घेतोय असं समजू नका. त्याचा ऑक्टेन चांगला आहे, टर्बोला तो आवडतो. पण त्यासाठी फाइल आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर लॉग घेऊन बनवलेली हवी.

ट्यूनरने ९५ किंवा १०० ऑक्टेनसाठी फाइल दिली असेल तर तेच भरा. प्रवासात मिळालं नाही तर पाय हलका ठेवा. नॉक सेन्सर (इंजिनमधली ठोकठोक ओळखणारा) ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायला लावतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

मोकळा_श्वास | मंगळवार, रात्री ९:५०

सुंदर प्रतिसाद. कॉटन फिल्टरबद्दल पुरवणी: धुऊन परत तेल लावताना लोक ते अंगाला लावल्यासारखं चोपडतात. ज्या गाड्यांत हवा मोजणारा तापती तार किंवा फिल्मवाला सेन्सर आहे तिथे ते तेल उडून सेन्सरवर बसतं, मोजमाप बिघडतं, पी ०१०१ येतो. त्याच गाड्यांत हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावला की मोजलेली हवा बाहेर जाते, ईसीयू मात्र तिच्या हिशेबाने पेट्रोल देतो. पाय काढल्यावर काळा धूर आणि गचका. आवाजासाठी एवढी किंमत.

आणि छोट्या टर्बो पेट्रोलवाल्यांनी पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमला पाय पूर्ण दाबू नये. तिथे ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि रीमॅपनंतर तो वाढतो. २०२० साली आलेला तेलाचा एपीआय एसपी दर्जा यासाठीही आहे. गिअर खाली घ्या.

खारदुंगवाला | मंगळवार, रात्री १०:२०

पी ०२९९ चा माझा अनुभव. गाडीत काहीही गळत नव्हतं. मी लडाखला होतो.

खारदुंग ला सुमारे ५,३५९ मीटरवर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. मूळ सॉफ्टवेअरमध्ये उंचीनुसार टर्बोकडून कमी मागायचं असा तक्ता असतो. माझ्या ट्यूनरने तो तक्ता न जुळवता मागणी वाढवून ठेवली होती. टर्बोला तेवढा दाब आणायला कितीतरी जास्त फिरावं लागत होतं. दिवा पेटला, ताकद गेली. मी मूळ फाइल सोबत नेली होती आणि लेहमध्ये ती परत टाकली. उरलेला सगळा प्रवास बिनघोर. रीमॅप करताना स्वतःची मूळ फाइल कॉपी करून मागून घ्या. ती तुमची आहे.

तळजाई, बोरघाट काही लडाख नाही. तुमच्याकडे गळतीच असणार.

दर्यावर्दी | बुधवार, सकाळी ८:१०

तळजाई, स्वस्तातला ब्लूटूथ ईएलएम ३२७ (ओबीडीच्या सॉकेटला लावायचा स्कॅनर) आणि फोनवरचं अ‍ॅप एवढं पुरतं. मागितलेला दाब आणि आलेला दाब अशा दोन रेघा एकाच आलेखावर लावा आणि तिसऱ्या गिअरमध्ये मोकळ्या रस्त्यावर एकदा चढवा. सोबत कुणाला तरी बसवा, गाडी चालवताना फोन बघू नका. रेघा कुठे वेगळ्या होतात ते इथे टाका.

तळजाई | गुरुवार, रात्री ९:५५

केलं. मेहुणा शेजारी फोन धरून बसला होता.

अडीच हजारांपर्यंत दोन्ही रेघा एकमेकींवर. मग मागणी २.०५ बार, आलेला १.६. पुढे अंतर वाढतच जातं. हे निरपेक्ष दाबाचे, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, आकडे आहेत. फ्युएल ट्रिम शांत रेसवर ठीक आहे.

उद्यमनगरी | गुरुवार, रात्री १०:१०

गळती. दाब कमी असताना जोड धरतोय, वाढला की सुटतोय. दुसऱ्या गॅरेजला ने आणि धूर मारून बघा म्हणून सांग. नुसत्या डोळ्यांनी नाही दिसायचं. धूर हलक्या दाबाने भरतात, त्यात नाही निघाला तर दाब थोडा वाढवून साबणाचं पाणी मारायला सांग.

शिरीषफूल | गुरुवार, रात्री १०:२५

तळजाई, मुलगी गाडीत होती हे वाचल्यापासून मनात आहे. सांभाळून जा.

तळजाई | रविवार, दुपारी १२:३०

सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

काल धूर मारला. टर्बोकडून निघणाऱ्या पाइपच्या रबरी जोडाची कड आत दुमडलेली होती आणि क्लिप अर्धी त्या कडेवर, अर्धी बाहेर. त्यातून धूर आला, एक बारीक धार, अगदी उदबत्तीसारखी. डाउनपाइप बसवणाऱ्याने घाईत आवळलं असणार, क्लिपचा दात घसरलेला होता. रबर चिरलं होतं म्हणून नवा जोड, नवी क्लिप. सगळं मिळून दीड तास. परत लॉग घेतला: मागितलेले २.०५, आलेले २.०३. प्लगही काढून पाहिले. तिन्हींचा गॅप ०.९ पर्यंत वाढला होता. नवे घातले.

उद्यमनगरी, तुम्ही कोल्हापुरात बसून जे सांगितलंत ते इथे चार महिने गाडी बघणाऱ्याला दिसलं नव्हतं. आलो की भेटायला येणार, पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या.

आता पी ०४२०. यावर घरी दोन दिवस बोलणं झालं. डाउनपाइप काढला. मूळचा कॅटसकट परत बसवला, नवीन पॅकिंग घालून. माझ्या नशिबाने तो गॅरेजच्या माळ्यावर तसाच पडला होता. एअर फिल्टरही मूळ कागदी. रीमॅप स्टेज १ ठेवला आहे, आणि तो विमा कंपनीला लेखी कळवणार आहे, काळाकोट यांच्याशी बोलून. ते नाही म्हणाले तर मूळ फाइल टाकेन. फाइल ट्यूनरकडून मागून पेनड्राइव्हवर घेतली आहे.

खरं सांगायचं तर वरच्या रेसला थोडा फरक जाणवतो. खालच्या रेसला नाही. कोड या वेळी पुसला नाही, मुद्दाम. किटली आपणहून विझते का ते बघायचं होतं. आज सकाळी, दिवेघाटाच्या तिसऱ्या फेरीनंतर, विझली.

चिकूशेठ | रविवार, दुपारी १२:३८

आईला सांगितलं. म्हणाली, "चहा झाला म्हणायचा."

उद्यमनगरी | रविवार, दुपारी १:०५

लई भारी केलंस भावा. दिवा गेला तरी कोड जुन्या नोंदीत राहील, इंजिन चाळीसेक वेळा थंडाचं गरम झालं की तोही जाईल. आणि क्लिप पाचशे किलोमीटरनंतर एकदा बघ, नवं रबर बसतं तेव्हा थोडी सैल पडते.

नवशिका_गियर | रविवार, दुपारी २:२०

माझाही प्लगच निघाला, दुसऱ्या सिलिंडरचा. कॉइल ठीक आहे.

तळजाई सर, डाउनपाइप विकायचा आहे का?

तळजाई | रविवार, दुपारी २:४५

नाही. भंगारवाल्याला दिला, किलोच्या भावाने.